ताईचं चक्र थांबेना

चक्र सकाळी नऊला सुरू झालं होतं आणि पावणेचार वाजले तरी थांबायचं नाव घेत नव्हतं. वर बसली होती कारागिराची थोरली बहीण. लहान मुलांसाठी केलेलं चक्र ते. बसायचं, समोरचा दांडा मागेपुढे ओढायचा, की स्वारी निघाली. ताईनं दांडा ओढला होता मोजून अकरा वेळा. दुपारचा डबासुद्धा तिला फिरतानाच द्यावा लागला, एका फेरीला डबा, दुसऱ्या फेरीला चमचा.

कारागीर कुंपण ते चक्र, चक्र ते कुंपण अशा येरझारा घालत होता. चारला तपासनीस बाई येणार. त्यांची सही झाली तर चक्र बागेत, नाहीतर वर्षभराची मेहनत भंगारात. एकच पाना तो सातव्यांदा पुसत होता. चक्र हातानं धरायला गेला, तर चक्रानंच त्याला तीन फेरे फरफटत नेलं. बेअरिंग असं गुळगुळीत बसवलं होतं, की माशी धडकली तरी वेग वाढायचा.

"तुला लहानपणापासून सांगतेय..." ताई समोरून गेली. त्यानं वाट पाहिली. "...नको तिथं अक्कल चालवू नकोस!"

"अगं, बागेतल्या जुन्या चक्राला तरी कुठं ब्रेक होता?"

"नव्हताच! पण पोरं काय करायची..." गेली. याचा जीव टांगणीला. "...चपला घासायची, मुडद्या!"

त्यानं कपाळावर हात मारला. चपला झिजतात म्हणून आयांनी कटकट केली, तेव्हा या नव्या चक्राची बैठक त्यानंच वीतभर उंच केली होती. ताईचेच पाय टेकत नव्हते, पोरांचे काय टेकणार?

चक्र खाली आणायला वेळ नव्हता. त्यानं जमीनच वर आणली. फावडं घेतलं आणि भोवती वाळू लोटत सुटला. ताईनं दोन्ही चपला टेकवल्या. खर्रर्र! ठिणग्या उडाल्या असं ती सांगते. वाळू उडाली एवढं नक्की. चक्र थांबलं आणि फाटक वाजलं.

"ब्रेक कुठंय?" बाईंनी वाकून विचारलं.

ताईनं पाय वर केला. चपलेच्या तळातून टाच दिसत होती.

बाई स्वतः बसल्या. दोनदा दांडा ओढला, बूट टेकवला, थांबल्या. मग लिहिलं, 'ब्रेक बसणाऱ्याच्या पायात. वाळू रोज सारखी करणे.' खाली सही.

ताई मात्र पुढचे आठ दिवस "अरे, जेवायला..." म्हणून गप्प बसायची. कारागीर ताटासमोर हात आवरून, तिची फेरी पुरी व्हायची वाट पाहायचा.