एकही फट नको

ठेकेदार सुटला तेव्हा ती कोर्टात टायपिस्ट नव्हती, मेलेल्या वेल्डरची बहीण होती. तिचा भाऊ बंद टाकीत गुदमरून गेला. दोर नाही, मुखवटा नाही, आणि "उतर, नाहीतर उद्यापासून येऊ नको" असा ठेकेदाराचा दम. पोलिसांनी त्याला दोन दिवस बडवून कबुली काढली. खटल्यात त्याच्या वकिलाने पाठीवरच्या वळांचे फोटो मांडले. मारून घेतलेली कबुली चालत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. दुसरा पुरावा गोळा करायची तसदी कोणी घेतलीच नव्हती.

आई कोर्टाच्या पायरीवर बसली. "त्याची पाठ दिसली त्यांना. माझं पोर नाही दिसलं."

बहिणीने ते काळजात कोरून ठेवलं. परीक्षा देऊन ती त्याच इमारतीत लागली. साक्षीदार बोलायचे, न्यायाधीश सांगतील तसं ती टाइप करायची. नऊ वर्षांत तिला एक कळलं: दोषी आरोपी सुटतात ते बहुधा कुणाच्या तरी घाईमुळे. कुठे तारीख चुकलेली असते, कुठे सही राहिलेली.

मग तो ठेकेदार पुन्हा आला. पुन्हा टाकी, पुन्हा मेलेला वेल्डर; या वेळी दोर होता, पण कुजलेला. आरोपीच्या जागी उभा राहून तो तिला म्हणाला, "बाई, पंखा वाढवा जरा."

त्याने तिला ओळखलंच नव्हतं. तिने पंखा वाढवला, आणि मधल्या सुट्टीत न्यायाधीश बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

"मग तुम्हाला इथून हलवावं लागेल," बाई म्हणाल्या.

"हलवा, मॅडम. नाहीतर हरकत आहे का ते त्यालाच विचारा, पण लेखी घ्या. उद्या हेच निमित्त करून तो सुटायला नको."

बाईंनी भर कोर्टात विचारलं. ठेकेदार वकिलाच्या कानाशी लागला. वकील हसला. "टायपिस्ट काय निकाल देणार आहे? आमची हरकत नाही." तिने ते शब्द टाइप केले आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या.

मुकादमाची साक्ष झाली. "मालकांनी त्याला उतरायला लावलं. मी तिथेच होतो," तो म्हणाला.

वकिलाने विचारलं, "दोर कुजलाय हे मालकांना माहीत होतं?"

"ते मला नाही सांगता येणार."

तिची बोटं थांबली. मुकादमाला वाचता येत नव्हतं. ते एक वाक्य गाळलं असतं तर त्याने मुकाट अंगठा उठवला असता. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, भुकेल्या माणसाला सुटावं तसं. पण एवढी एक फट सापडली तरी हा माणूस त्यातून निसटेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने वाक्य जसंच्या तसं टाइप केलं, आणि मुकादमाला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

शेजारच्या कोर्टातली कारकून म्हणाली, "अगं, त्याच्या फायद्याचंही इतकं निगुतीने लिहितेस?"

"हो. त्याला सुटायला बोटभर जागा ठेवणार नाही."

दोर बदला, अशी सुरक्षा निरीक्षकाची अपघाताआधीची नोटीस पुराव्यात आली. खाली ती मिळाल्याची ठेकेदाराचीच सही होती. त्याला सात वर्षांची कैद झाली. वरच्या कोर्टात त्याच्या वकिलाने पान न् पान चाळलं, अगदी टायपिस्टचा मुद्दाही काढला. तिथे "हरकत नाही" असा ठेकेदाराच्याच सहीचा कागद पुढे आला. शिक्षा कायम राहिली.

तोवर तिने घरी चकार शब्द काढला नव्हता; त्या संध्याकाळी तिने आईला सांगितलं.

"ही आपल्या पोराबद्दलची शिक्षा?" आईने विचारलं.

"नाही. दुसऱ्या आईच्या पोराची. आपली केस मिटली ती मिटलीच."

आईने खुर्ची जवळ ओढली.

"तेव्हा तुझ्या कोर्टात सात वर्षं ऐकल्यावर त्याचं तोंड कसं झालं होतं?"

ती सांगू लागली. ओठ कसे पांढरे पडले, कठड्यावरचा हात कसा घसरला, पाणी मागतानाही आवाज कसा फुटेना. आई डोळे मिटून ऐकत होती. सांगून संपलं तेव्हा ती म्हणाली, "परत सांग."