कोल्ह्याच्या एक पाऊल पुढे

अंबूबाईंची दोन करडं पंधरा दिवसांत कोल्ह्याने नेली, तेव्हा त्यांच्याकडे एक गाभण शेळी तेवढी उरली. तळवड्यात आमच्या इमारतीमागे त्यांचं पत्र्याचं घर आहे. त्याला टेकून शेळीचा आडोसा, आणि पुढे कापणी झालेलं मक्याचं रान. रानापलीकडच्या ओढ्यातून कोल्हे येतात. कंपन्यांच्या कँटीनमागच्या उष्ट्यावर वाढलेले, माणसाला फारसे न भिणारे.

मी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं कामगारांना बूट, हातमोजे आणि चष्मे वाटले. निवृत्तीनंतर पुस्तकं वाचतो. अंधारात बत्ती मारली की कोल्ह्याचे डोळे लकाकतात, असं एकदा अंबूबाईंसमोर बोलून गेलो. त्यांनी ते भिवाला सांगितलं, आणि भिवाने मला बत्ती धरायला नेमलं. नाही म्हणायला मला कधीच जमलेलं नाही.

भिवा इथलाच, सत्तरी ओलांडलेला. त्याच्या गोफणीचा नेम एकेकाळी आसपासच्या गावांत नावाजलेला होता. मग जमिनी गेल्या, त्यांवर इमारती आल्या (आमचीही त्याच्याच एका शेतात उभी आहे), आणि गोफण खुंटीला राहिली. अंबूबाईंच्या सांगण्यावरून त्याने ती लगेच खाली काढली म्हणे. मला वाटतं, कित्येक वर्षांत त्याच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं.

कोल्हा मारणं गुन्हा आहे, हे मी चाचरत त्याला सांगितलं.

"मारायचा न्हाई, राव," तो म्हणाला. "ढुंगणावर एक धोंडा बसला पायजे. पुन्यांदा इकडं तोंड करायचा न्हाई."

तीन रात्री आम्ही आडोशाजवळ बसलो. कोल्हा आला नाही, पण भिवा शिकवत राहिला. चालत्या जनावरावर नेम धरला तर दगड मागेच पडतो. जनावर आत्ता आहे तिथे मारायचं नाही, दगड पोचेल तेव्हा ते असेल तिथे मारायचं. चालत असेल तर एक पाऊल पुढे, पळत असेल तर तीन. बत्ती त्याने मला गुडघ्याच्या उंचीवर धरायला लावली, उजेड जमिनीलगत राहावा म्हणून. माझा हात हलायचा. पुस्तकांची पानं उलटून मनगट कच्चं झालंय, असं तो चिडवायचा. मला ते खरंच वाटायचं.

चौथ्या रात्री साडेदहाच्या सुमारास, तीस-चाळीस पावलांवर दोन ठिपके लकाकले. जमिनीलगत, शेजारी शेजारी. ते डावीकडून उजवीकडे चालले होते.

भिवा उठला. त्याने माझ्या खांद्यावर बोट टेकवलं, म्हणजे बत्ती हलवू नका. गोफण डोक्यावर फिरू लागली.

मी ठिपक्यांकडे पाहत राहिलो आणि काहीतरी खटकलं. डोळे असते तर दोन्ही बरोबर सरकले असते. इथे एक ठिपका पुढे जाऊन थांबायचा, मग मागचा त्याला ओलांडायचा, मग पुन्हा पहिला. हे मी रोज पाहिलेलं होतं, स्टोअरच्या खिडकीतून, पाळी सुटताना. टाचेवर चमकती पट्टी असलेले बूट. असे शेकडो जोड मी सही घेऊन दिले होते.

पण मी आयुष्यात कुणावर ओरडलेलो नाही. शिवाय वाटलं, चूक माझीच असेल. रानात जन्म गेलेल्या भिवाला मी काय सांगणार? तोंड उघडलं, आवाज आला नाही. अंगठा मात्र बटणावर होता. मी बत्ती विझवली.

त्याच क्षणी भिवाने गोफणीचा एक दोर सोडला. दगड सणसणत गेला आणि ढेकळांत धप्पकन पडला. भिवाने मला शिवी हासडली. ती संपायच्या आत रानातून एका मुलीचा आवाज आला.

"काका, बत्ती का विझवली? आता काहीच दिसत नाहीये मला."

ती मैत्री नावाची मुलगी होती. अंबूबाईंच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहते, चाकणला एका कंपनीत माल तपासायच्या कामावर आहे. दुसऱ्या पाळीची बस तिला रोज साडेअकराला घरापुढच्या रस्त्यावर सोडते. त्या रात्री मशीन बंद पडल्याने लवकर सोडलं, ती मिळेल त्या गाडीने आली आणि रानातून आडवी निघाली. मोबाईल बंद पडलेला. गडद निळ्या गणवेशात ती अंधारात दिसलीच नव्हती. बत्ती आपल्यासाठीच धरलीय असं तिला वाटलं, आणि ती विझताच ती जागच्या जागी थांबली.

मी बत्ती पुन्हा लावली आणि तिच्या वाटेवर धरली. ती जवळ येऊन विचारू लागली, तेव्हा सेल उतरले असतील असं मी पुटपुटलो. त्या खोटेपणाची लाज मला रात्रभर वाटली.

सकाळी भिवाने मला रानात बोलावलं. भुसभुशीत मातीत बुटांचे ठसे होते. एका जागी दोन्ही पाय शेजारी टेकलेले. त्यापुढे, बरोबर एका पावलावर, लिंबाएवढा दगड मातीत रुतलेला.

"न्येम बराबर हुता," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "कशापायी इझवली, राव?"

मी बुटांचं सांगितलं. ओरडायचं होतं पण जमलं नाही, हेही सांगितलं. बत्ती शहाणपणाने विझवली की घाबरून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"वरडला असता तर ती दचकून पळाली असती," भिवा म्हणाला. "पळत्यावर माझा न्येम कुटं बसला असता, कुनाला ठावं. बरं झालं, तुमास्नी वरडता येत न्हाई."

त्याच दुपारी तो मैत्रीच्या दारात गेला. मीही मागे उभा राहिलो. त्याने काहीच लपवलं नाही. आपण तुझी नडगी फोडली असती, असं सरळ सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि शेळीचं काय?"

भिवाने गोफणीच्या दोराने आडोशाचं फाटक आवळून बांधलं. मैत्रीने तिचे जुने बूट आणून दिले, त्यांच्या पट्ट्या उसवून आम्ही फाटकावर शिवल्या. त्या चकाकीला कोल्हा बिचकतो की नाही, मला माहीत नाही. कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. शेळी शुक्रवारी व्यायली.

आम्ही अजून रात्री बसतो. साडेअकराला बस येते, मैत्री उतरते आणि मी दारापर्यंत उजेड धरतो.

"हात हलतुय, राव," भिवा म्हणतो.