जाहिरातीखाली नाव पोपटरावांचं

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारामागं डॉक्टरांचा बारा खाटांचा दवाखाना. त्यातल्या चार खाटा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या. त्यांचं सगळं करणारी मदतनीस लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, ती तिकडचीच झाली. डॉक्टरांनी हेडसिस्टर सुलक्षणाला सांगून टाकलं, एक तारखेच्या आत माणूस मिळालं तर ठीक, नाहीतर त्या चार खाटा बंद.

त्यातली एक खाट वडगाव रासाईच्या पोपटरावांची. एके काळचे सरपंच, सप्ताह कमिटीचे वीस वर्षं अध्यक्ष. अर्धांगानं उजवी बाजू गेली होती, जीभ मात्र शाबूत. मुलगा इंद्रजीत सणसवाडीला कंपनीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायचा. तो आणि सून दोघंही शिफ्टला जाणारे. खाट सुटली की पोपटरावांनी दिवसभर त्या खोलीत एकट्यानं छताकडं बघत पडायचं. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे सुलक्षणाला.

सुलक्षणानं पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या दवाखान्याची जाहिरात समोर ठेवून कागद लिहिला. रुग्णसेवेची आवड, आकर्षक पगार, प्रशिक्षितांना प्राधान्य. व्हॉट्सॲपवर तो गावोगाव फिरला. तीन मुली आल्या. शौचाचं भांडं द्यायचं, अंग पुसायचं, हे ऐकून दोघी दारातूनच फिरल्या. तिसरी दुपारच्या जेवणापर्यंत टिकली.

संध्याकाळी पोपटरावांनी तो कागद वाचून घेतला. ऐकून म्हणाले, "सिस्टरबाई, ह्यात आमी कुठं हाय? कीर्तनाला उभं ऱ्हायचं आन् देवाचं नावच घ्यायचं न्हाई, तशातली गत. लिव्हा, मी सांगतो."

सुलक्षणा स्वतः कीर्तनवेडी. गुरुवारचं कीर्तन सहसा चुकवायची नाही. बोलणं तिला लागलं आणि पटलंही. तिनं पेन काढलं. पोपटरावांनी ग्रामसभेचा ठराव सांगावा तसं सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला भांडं द्यायचं, तोंड वाकडं न करता. दर दोन तासांनी कूस बदलायची. हात लावायच्या आधी सांगायचं. घास भरवताना घड्याळाकडं बघायचं नाही. शिक्षण नसलं तरी चालेल, शिकवू. पलीकडच्या खाटेवरच्या वच्छलाबाई आठवड्यात चार शब्द बोलायच्या. त्यासुद्धा म्हणाल्या, विंचरताना केस ओढू नयेत असं घाला. तेही घातलं. पगार आणि वेळ सुलक्षणानं खाली लिहिली.

मग पोपटराव म्हणाले, आता निवेदक म्हणून माझं नाव टाका. दवाखान्याचं नाव पुरे की, असं तिनं सुचवून पाहिलं. पण लग्नाची पत्रिका असो की दहाव्याचं पत्र, खाली कुणाचं नाव नसलं तर आमच्या गावात कागदाला कुणी विचारत नाही, यावर ते अडून बसले. नाव पडलं.

वडगावात सप्ताह बसलेला. कीर्तन संपून आरती व्हायच्या आधी माइकवर सूचना होतात. उद्याच्या पंगतीचे अन्नदाते, सापडलेली किल्ली. सुलक्षणानं पाठवलेला हा कागदही त्यातच वाचला गेला.

दुसऱ्या दिवशी दहालाच दवाखान्यापुढं दोन जीपा थांबल्या. सुलक्षणानं आनंदानं खुर्च्या मांडल्या, कोरी वही घेतली. पण नोकरीचं कुणी काढीना. आबा सणसवाडीला आपल्याकडं आहेत, एवढंच इंद्रजीतनं गावात सांगितलेलं. माइकवर नाव ऐकून गावानं अर्थ लावला की सरपंच आजारी पडलेत आणि करायला कुणी नाही. वीसेक माणसं भेटायला आली होती, शहाळी आणि केळी घेऊन. कुणी इंद्रजीतला बोल लावले, कुणी यंदाच्या बुवांचं कौतुक सांगितलं. पोपटरावांचे डोळे भरून आले. सुलक्षणाची वही कोरीच, आणि एक तारखेला दोनच दिवस.

येणारा जो तो त्यांना पाणी पाजायचा आणि पेला उजवीकडच्या स्टुलावर ठेवायचा. स्टूल तिथंच होतं ना.

गर्दी पांगली तेव्हा भिंतीला टेकून एक बाई उरली. ती पुढं आली, स्टूल उचललं आणि खाटेला वळसा घालून डावीकडं ठेवलं.

"आबा, पेला हिकडं ठिवलाय. आता उशी जरा वर घेते, मानंला हात लावू का?"

टाळकऱ्याला कुणी खूण करत नाही. बुवांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून असतो, त्याला कळतं. सुलक्षणाला तीच नजर दिसली. तिनं विचारलं, नात्यातल्या का? ती म्हणाली, "न्हाई बाई. मी कागद आयकून आले, कामासाठी. पण एवढी मंडळी भेटायला आलेली, म्हटलं त्यांचं होऊ द्या आधी."

पोपटरावांनी विचारलं, "कुणाची गं तू?"

"करुणा. बुद्धविहाराजवळच्या बन्सीची सून. चार वरीस त्यांचं समदं मीच केलं. दिवाळीत गेले."

बन्सी आणि ते शाळेत एका वर्गात होते. "बन्सी गेला, आन् मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमचंबी आमाला कालच कळलं, आबा."

त्यांनी डावा हात लांबवून पेला घेतला आणि ते आपल्या हातानं पाणी प्यायले. सुलक्षणानं वहीत पहिलं नाव लिहिलं.

पलीकडं वच्छलाबाईंनी उशाखालचा कंगवा काढून केव्हाचा मांडीवर ठेवला होता.