अर्ध्या मैलाचा आवाज

कन्नड मुलखातल्या शहरात, शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत उपेंद्रचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९९० साली त्यानं जुन्या सुट्या भागांतून एक छोटा ट्रान्समीटर जोडला आणि गच्चीवर तार ताणली. आवाज जेमतेम अर्धा मैल पोचायचा. परवाना नव्हता, पण तो कधी कुणी मागितलाही नाही.

रोज दुपारी बाराला त्याची बायको चंपा बोलायची. नळाला पाणी कधी येणार, वीज कुठं जाणार, कुणाची किल्ली हरवली. आधी कन्नडमध्ये, मग घरच्या मराठीत. शेजारी शिलाई करणारी तंगम्मा शेवटी तेच तमिळमध्ये सांगायची. ‘चंपानं सांगितलंय’ म्हटलं की गल्लीत पुढं कुणी काही विचारायचं नाही.

पुढच्या वर्षी, कावेरीच्या पाण्यावरून कन्नड-तमिळ वाद पेटला आणि वर्तमानपत्रं तापायला लागली तेव्हा, देवळाच्या कमिटीतला पिराजी दुकानात आला. उपेंद्रच्या लांबच्या नात्यातला माणूस, बोलायला गोड.

“उपेंद्रा, ते तमिळ स्वल्प दिवस बंद ठेव. लोकांना आवडत नाही.”

“कुठल्या लोकांना, अण्णा?”

पिराजीनं गच्चीवरच्या तारेकडं पाहिलं. “परवाना काढलायस ना रे?”

दुसऱ्या दिवसापासून तंगम्मा आली नाही. उपेंद्रनंच तिला सांगितलं होतं. ती फक्त “सरी”, बरं, एवढंच म्हणाली आणि मशीन चालवत राहिली. चंपा त्या दिवशी जेवली नाही, पण बाराला बोलायला बसली.

आठवड्यानं पिराजी एक चिठ्ठी घेऊन आला. कमिटी स्वस्तात रॉकेल देणार होती. देवळात येऊन वहीत नाव, घर आणि घरात बोलतात ती भाषा लिहून द्यायची.

“रॉकेलला भाषा कशाला, अण्णा?” चंपानं विचारलं.

“वाटपाला माणसं त्या त्या भाषेतली नेमायची आहेत, वहिनी. दुसरं काय?”

बाराला चंपानं चिठ्ठी माइकवर वाचली. संध्याकाळी देवळापुढच्या रांगेत तंगम्माही उभी होती. “तू सांगितलंस म्हणून आले गं,” ती हसून म्हणाली. वाटपाची तारीख पुढं ढकलत गेली. रॉकेल आलंच नाही.

डिसेंबरात एका सकाळी बाजाराच्या बाजूनं धूर दिसला. दुकानांची शटरं धडाधड खाली आली. अकरा वाजता पिराजी दारात उभा होता. पाठीमागं पाच-सहा अनोळखी पोरं. त्यातल्या एकाच्या हातात देवळातली वही होती.

“वहिनी, आज लवकर बोला. सगळं शांत आहे, कुणी घराबाहेर पडू नये, एवढंच सांगा. तमिळमध्येही सांगा. तुम्हाला येतं थोडं.”

महिनाभर नको असलेलं तमिळ आज कसं चालतंय, हे चंपाच्या लक्षात आलं. तिनं उपेंद्रकडं पाहिलं. तो त्या वहीकडं बघत होता.

“सांगते,” ती म्हणाली. “पण माइकपाशी गर्दी नको. आवाज फाटतो.”

ती आत गेली आणि तिनं कडी लावली. तंगम्माकडं शिलाई शिकताना कानावर पडलेल्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये ती बोलली: घरात थांबू नका. वहीत तुमची नावं आहेत. मागच्या बोळानं चर्चकडं जा, आत्ता. तिसऱ्यांदा सांगत असताना दार तुटलं. पोरांनी ट्रान्समीटर रस्त्यावर आपटला. उपेंद्र आडवा आला, त्याचा हात मोडला.

त्या दुपारी गल्लीतली अकरा घरं जळाली. दहा घरांतली माणसं चर्चच्या आवारात होती. अकराव्या घरात तंगम्माचा म्हातारा सासरा होता. तो चालू शकत नव्हता, आणि त्याला उचलायला वेळ मिळाला नव्हता.

बारा दिवसांनी तंगम्मा रिक्षा घेऊन आली. जळक्या घरातून दोन पातेली तिनं काढली. चंपा धावत गेली. “अक्का…”

तंगम्मानं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग ती रिक्षात बसली.

संक्रांतीला पिराजी तिळगूळ घेऊन घरी आला. झालं ते वाईट झालं, म्हणाला. “नवीन मशीन आणून देतो. यंदा परवान्याचंही मी बघतो. लोक तुमचा आवाज विचारतात, वहिनी.”

प्लॅस्टरमधला हात सावरत उपेंद्र काहीतरी बोलणार होता. चंपानं तिळगुळाची पुडी न उघडताच पिराजीच्या हातात परत ठेवली.

“माझा आवाज गेलाय, अण्णा,” ती म्हणाली.

पिराजी हसला. “येईल की परत. मला घाई नाही.” आणि तो खुर्चीवर आरामात मागं रेलून बसला.