हिरवळीची पाटी

"जांभळा जरा गडद होऊ दे ताई, फोटोत फिका दिसतो," प्रवेश विभागाचे साहेब दारातूनच म्हणाले.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताईंनी चंबूत आणखी दोन कण टाकले. शेजारच्या चंबूत मोरचुदाचं निळं पाणी होतं, त्यापलीकडे पिवळं. यातल्या कशाचाच प्रयोग व्हायचा नव्हता. आज पालक कॉलेज बघायला येणार होते, आणि रंग दिसल्याशिवाय पालकांना विज्ञान दिसत नाही, असं साहेबांचं मत होतं. एरवी याच टेबलावर मुलांच्या चार गटांत एकच सूक्ष्मदर्शक फिरायचा, तोही तडकलेल्या आरशाचा.

साहेब गेले तसा पहारेकरी आला. काखेत बागेतली सूचनेची लोखंडी पाटी.

"नेहमीसारखी दाराआड ठेवतो. संध्याकाळी नेईन."

ताईंनी मान हलवली. दरवर्षी हेच चालायचं आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. यंदा मात्र त्या पालकांच्या घोळक्यात त्यांची स्वतःची लेक असणार होती.

दुपारी ती आली. मागोमाग तिचे बाबा, डोक्यावर कर्ज देणाऱ्या बँकेची फुकटची टोपी.

"खाली मंडपातच बसलेत गं बँकवाले," बाबा म्हणाले. "फॉर्म भरून झाला. घर तुझ्या नावावर, म्हणून तुझी सही हवी. एवढंच राहिलंय."

"हप्ते कुठवर?"

"हिची चाळिशी येईपर्यंत. पण नोकरी लगेच लागते म्हणाला."

"कोण? ज्यानं टोपी घातली तोच ना?"

ताई लेकीकडे वळल्या. "आणि तू? हे चंबू बघून भुललीस?"

"मोरचूद आहे ते, आई. कळतं मला." लेक हसली नाही. "लॅबसाठी यायचंच नाहीये मला. विषय तेच, पुस्तकं तीच, सरकारी कॉलेजातही. पण तिथं वर्ग सुटला की बस पकडायची आणि घर. आपल्या दोन खोल्यांत मी कधी कुणाला बोलावलंय? मला ती खालची हिरवळ हवीय. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर नुसतं बसायचं, उगाच वाद घालायचे. माहितीपत्रकातल्या फोटोत मुलं बसलीयेत तशी."

ताईंना तिचा राग आला नाही. या वयात गवतावर बसावंसं वाटलं, तर त्यात गैर ते काय? राग आला तो त्या साध्या इच्छेला किंमत चिकटवणाऱ्यांचा. आणि त्यांचं दुकान दरवर्षी मांडून देणाऱ्या आपल्या हातांचाही. त्या दाराआड गेल्या. पाटी उचलून आणली आणि रंगीत चंबूंच्या पुढ्यात उभी केली.

'विद्यार्थ्यांनी हिरवळीवर बसू नये. दंड आकारला जाईल.'

"आजच्यापुरती काढलीय," ताई म्हणाल्या. "दरवर्षी काढतात, दरवर्षी मीच लपवते. ज्या गवताचे हप्ते तू अर्धं आयुष्य फेडणार, त्याला पाय लावलास तर वर दंड. मी सही करणार नाही."

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "मंडपात काय सांगू?"

"सांगा, बायको ऐकत नाही. सगळेच सांगतात."

लेकीनं पाटी पुन्हा एकदा वाचली. मग ती निघून गेली आणि तिच्यामागून बाबा.

संध्याकाळी ताई रंगीत पाणी ओतून देत होत्या. खिडकीखाली मंडप उतरवला जात होता. बाबा कडेच्या बाकावर वाट बघत होते. हिरवळीच्या मधोमध लेक बसली होती; चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या, हात मागे गवतात टेकलेले. एकटीच.

पहारेकरी दारात आला. "ताई, पाटी द्या, लावून टाकतो. ती कोण पोरगी बसलीय, तिलाही उठवायचंय."

"माझी आहे."

तो घुटमळला. "आज ठीक आहे. उद्यापासून नाही चालायचं हं."

"उद्यापासून ती येणारच नाही." ताईंनी हातातला चंबू पुन्हा नळाखाली धरला. "बसा तुम्ही स्टुलावर. एवढी भांडी धुऊन होऊ देत."

तो बसला. चंबूतलं पाणी केव्हाच नितळ झालं होतं. ताईंनी नळ बंद केला नाही.