आधी कुणी उघडलं होतं?

दुकानात मशीन आलं की बाबा आधी मशीनकडे बघायचेच नाहीत. आणणाऱ्याकडे बघायचे.

"आधी कुणी उघडलं होतं?"

"कुणी नाही हो काका. चालता चालता आपोआप बंद पडलं."

मग बाबा झाकण काढून आतल्या स्क्रूवर बोट ठेवायचे. "हा सुरीने फिरवलाय. सुरीपण आपोआप आली वाटतं?"

गिऱ्हाईक ओशाळं हसायचं. चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करणाऱ्या माझ्या वडिलांना बिघाडाचा राग कधी आला नाही, लपवाछपवीचा यायचा. "हात घातलात त्याचं काही नाही. घातला एवढं सांगा. नाहीतर मी तुमचीच दुरुस्ती दुरुस्त करत बसतो आणि मूळ दुखणं राहतं बाजूला." स्वतः उघडलेल्या प्रत्येक मशीनच्या झाकणात ते आतून दाभणाने तारीख आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरत. पुढच्या कारागिराला कळावं, आत कोण येऊन गेलं ते.

बिघाड ते कानाने शोधत. लांब पेचकसाचं टोक चालत्या मशीनला लावायचं आणि लाकडी मूठ उजव्या कानामागच्या हाडाला टेकवायची. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर मूठ डाव्या कानाला होती.

"हे काय नवीन?"

"मान अवघडलीय."

मान नव्हती, कान होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी थेंब दिले, आठवड्याने दुसरे थेंब दिले. बाबांना वीस वर्षांचा मधुमेह. कान दुखतो म्हणून कुणी दगावत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पण ते डाव्या बाजूनेच चावायला लागले, मग चावायचंच टाळायला लागले. झोप उडाली. घरात असले की या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, पाय मोकळे करतोय."

मला त्या फेऱ्या बघवेनात. मी वाचणारी, शंका आली की पुस्तक काढायचं ही माझी खोड. आदल्या वर्षी मला लघवीचा संसर्ग झाला होता, त्यातल्या आठ गोळ्या कपाटात उरल्या होत्या. जंतूंवरचं औषध ते जंतूंवरचं औषध. बाबांना सकाळी एक, संध्याकाळी एक, चार दिवस दिल्या. तिसऱ्या दिवशी फेऱ्या थांबल्या आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. गोळ्या संपल्यावर चार दिवसांनी दुखणं परत आलं, पहिल्यापेक्षा वाईट. तेव्हा कुठे मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी दुर्बिणीतून बराच वेळ कान पाहिला, मग कान सोडून चेहरा. डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा.

"यातले चारच माझे आहेत," बाबा म्हणाले. "बाकीचे विकतचे."

"विकतचेही चालतील, काका." त्या हसल्या, पण हात थांबला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा कान दिसतो त्यापेक्षा फार जास्त दुखत असेल आणि थेंबांना दाद देत नसेल, तर मी त्याला साधा कान धरत नाही. आत तळाशी लाल मांस वाढलंय. जंतू कानाच्या नळीतून हाडात उतरला असेल, तर पुढे चेहऱ्याच्या नसेपर्यंत जातो. कुठला जंतू आहे ते कळलं की नेमकं औषध देता येतं. पंधरा दिवसांत पोटातून काही गोळ्या घेतल्यात?"

मी तोंड उघडलं.

"नाही," बाबा म्हणाले.

इतक्या झटकन, की त्यानंतर माझं 'हो' म्हणजे त्यांना चारचौघांत खोटं पाडणं झालं असतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटली. मी तोंड मिटलं.

त्यांनी कापसाच्या काडीवर कानातला स्राव घेतला, रक्त घेतलं, हाडाचा फोटो काढायला सांगितलं. रक्त म्हणत होतं, आत कुठेतरी मोठी जळजळ आहे. फोटोत हाडाची कड पोखरलेली. आणि काडीचा अहवाल म्हणत होता, जंतू नाही.

"हे जुळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जंतू नसेल तर ते मांस बुरशीचं असेल किंवा गाठीचं. तुकडा काढून तपासायला पाठवते. तो अहवाल येईपर्यंत अंदाजाने जहाल औषध देणं बरं नाही, त्यांच्या किडन्याही नाजूक आहेत."

गाठ हा शब्द घेऊन आम्ही घरी आलो. आता फेऱ्या मी मारत होते. ओटा पुसायचा, पुसलेला पुन्हा पुसायचा. फोन उचलायचा, नंबर लावायचा, वाजायच्या आत ठेवायचा. आठ गोळ्यांनी काय होणार? आणि काय होतं ते तर मला पुस्तकात वाचून कळलेलंच होतं: अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, नुसता दडून बसतो, तपासणीत सापडत नाही. उद्या सांगू. असे पाच उद्या गेले.

सहाव्या सकाळी बाबांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा सदऱ्यावर ओघळला.

"कप गळतोय," ते म्हणाले.

कप धड होता. त्यांची उजवी पापणी पूर्ण मिटत नव्हती.

"आत्ता निघायचं," मी म्हणाले.

"अगं, दुकानाची किल्ली शेजारच्याकडे देऊन येतो. तू तोवर कपडे भर."

दोन तास आले नाहीत. मी दारापर्यंत जाऊन परत येत होते, तेवढ्यात डॉक्टरांचाच फोन आला. काका माझ्यासमोर बसलेत, दाखल करून घेतेय, तुम्ही या. जंतूचा पहिला अंदाजच बरोबर होता, औषध शिरेतून सुरू करतेय. तुकड्याचा अहवालही दोन दिवसांनी आला, गाठ नव्हती. मला वाटलं, बाई हुशार, न सांगता ओळखलं. मी सुटले. तेव्हा मनात आलेला शब्द हाच होता.

पाच आठवडे सलाईन. दुखणं हटलं, पापणी थोडी मिटायला लागली. शेजारच्या खाटेचं चाक कुरकुरतं म्हणून बाबांनी नर्सकडे तेल मागितलं. मग न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले.

महिन्याने मी त्यांची फाइल आणली. तीत दाखल केल्याच्या तारखेला डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ होती: 'रुग्णाने घरातल्या जुन्या गोळ्या मुलीच्या नकळत, स्वतःच्या मनाने घेतल्या होत्या. आज स्वतः येऊन सांगितले.'

मी ती ओळ उभ्यानेच वाचली. मग चपला घातल्या.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर बसवेना, मी भिंतीशी उभी राहिले. आत गेल्यावर फाइल उघडून टेबलावर ठेवली.

"हे खोटं आहे. गोळ्या मी दिल्या. आठ. सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. तुम्ही विचारलंत तेव्हा मी इथेच बसले होते."

त्यांनी ओळीकडे पाहिलं. "मला तेव्हाच शंका आली होती. त्यांना गोळीचं नाव सांगता येईना. म्हणाले, पांढरी होती, मुलगी ओरडेल, तिला सांगू नका."

"आधी सांगितलं असतं तर?"

त्यांनी फाइलमधल्या तारखा पाहिल्या. "आठवडाभर लवकर सुरू करता आलं असतं. चेहऱ्याची नस कदाचित वाचली असती. ते वाचले असते का, मला सांगता येणार नाही. होही म्हणता येत नाही आणि नाहीही."

"ओळ दुरुस्त करा."

"आता कोण वाचणार आहे ती?"

"कुणीतरी उघडेल."

त्यांनी ओळीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं: गोळ्या मुलीने दिल्या, आठ. मग पेन माझ्याकडे केलं.

मी बाजूला माझं अक्षर काढलं आणि तारीख घातली.