राखणदाराला दिलेला शब्द

निलेश आणि दमयंती या नवराबायकोचं भांडण, दरवर्षी देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या भागोजीतात्यांच्या अंगणातच पेटलं. आज शेत राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा आणि बाटली द्यायचा दिवस. देवाला थेंबभर, उरलेलं भक्तांना. मग पोरं मोटारसायकली उडवत मिरजोळ्यापर्यंत चक्कर मारणार, हे ठरलेलंच. गेल्या वर्षी त्यांच्यातल्याच विनोदने त्याच चकरेत पाय मोडून घेतला होता.

"वायच घोटभर तर घेतो मी. आनि रस्ता माज्या पायाखालचा."

"विनोदभावजींच्याबी पायाखालचाच व्हता!"

"त्येला चालवाय येत नाय गो!"

"आनि तुमाला दोस्तांनी हाक मारली की नाय म्हनाय येत नाय."

निलेश हसत निघून गेला. दमयंतीला सातवा महिना. तिचे डोळे भरले. "तात्या, तुमच्या गाऱ्हान्याला देवबी मान डोलवतो. कायतरी बोला की."

असं कोणी म्हटलं की तात्या विरघळायचे. शेतावर हात जोडून त्यांनी खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, मुंबईचे चाकरमानी झाले. प्रत्येक मागण्याला पोरं ओरडत होती, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज निलेशचा.

"आनि आज तुजा परसाद घेऊन जो कोन गाडीला हात लावील, त्येची चावी त्येच्या घरच्या बाईच्या हातात जाऊ दे, बा म्हाराजा!"

बाकीची पोरं अर्ध्यावर अडखळली. निलेशचं 'व्हय' पुरं म्हणून झालं होतं.

जेवणं उरकली, दिवस कलला. निलेश गाडीकडे वळला, तर दमयंती हात पसरून उभी.

"अगो, ते नुस्तं बोलायचं असतं!"

"मग जावा, देवाला तसं सांगून या."

त्याने दोस्तांकडे पाहिलं. राखणदाराला दिलेला शब्द मोडायला कोणी पुढे होईना. चावी दमयंतीच्या हातात पडली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

तात्या खूश. त्यांनी पेल्यातला शेवटचा घोट संपवला, लेंगा सावरला आणि आपल्या स्कूटरला किक मारली. पुढ्यात बायको येऊन उभी राहिली, येसूबाई.

"आना चावी."

"अगो, मी काय पोर हाय? जल्म गेला माजा हिच्यावर!"

"तेच बघून पोरं शिकली. आडात नाय तर पोहऱ्यात कुठनं येनार?"

तात्यांनी राखणदाराच्या दगडाकडे पाहिलं. दगड काही त्यांच्या बाजूने बोलेना. त्यांनी चावी दिली आणि पोरांच्या मागून पायीच घराकडे निघाले.

"पुढच्या सालापास्नं," ते धुसफुसले, "गाऱ्हानं दुसऱ्या कुनीतरी घाला."